बायपासवरचं परकं कुलूप

१

ती बाई मेली ती हॉस्पिटलपासून चारशे मीटरवर, भर दुपारी, शेकडो माणसांच्या देखत.

शिवणकाम करायची. वय सेहेचाळीस. साडेतीनला मशीनवर बसल्या बसल्या तिच्या छातीत कळ आली, डावा हात बधिर झाला. शेजारी काजं करत बसलेल्या धाकट्या बहिणीने लगेच फोन फिरवला. वीस मिनिटांत ॲम्ब्युलन्स दारात होती. तिकडे हॉस्पिटलने हृदयरोगाच्या मोठ्या डॉक्टरांना घरून बोलावून घेतलं. इथपर्यंत सगळं जिथल्या तिथे झालं. मग ॲम्ब्युलन्स बायपासवर चढली.

शहरातली गर्दी टळावी म्हणून शहराला वळसा घालून हा रस्ता बांधला होता. आता गर्दी पाहायची असेल तर माणसाने बायपासवरच जावं. दोन्ही बाजूंना आवाज अडवायला तीन-तीन मीटर उंच भिंती, आणि त्यांच्यामध्ये सकाळ-संध्याकाळ तापत उभा असलेला गाड्यांचा पत्रा. त्या दिवशी दोन पन्नासला पुढच्या पुलावर फरशांचा ट्रक आडवा झाला होता. पाऊण तासात पाच किलोमीटरची रांग लागली. रस्ता मोकळा झाला तो पाच चाळीसला.

कडेला आणीबाणीसाठी एक पट्टी मोकळी असते. ॲम्ब्युलन्स तिच्यावरून आली. ही पट्टी पुलापाशी संपते, पण त्याच्या जरा अलीकडे भिंतीत एक जाळीचं फाटक आहे. फाटक क्रमांक सहा. ते उघडलं की सर्व्हिस रोड लागतो. डाव्या हाताला वसाहत, उजव्या हाताला हॉस्पिटल. फाटक ठेवलंय तेच अशा वेळेसाठी. त्याला साखळी आणि कुलूप. किल्ल्या फक्त तिघांकडे: कंट्रोल रूम, गस्तीची गाडी आणि ॲम्ब्युलन्स.

चार वीसला ड्रायव्हर उतरला. जाळीतून हात घालून त्याने किल्ली कुलपात घातली. किल्ली अर्धी आत गेली आणि अडली. उलटी करून घातली, थुंकी लावून घातली, शिव्या देऊन घातली. मग टायरचा पाना काढला आणि जाळीतून जमेल तसे घाव घालायला लागला. कुलूप ढिम्म हललं नाही.

चार चोवीसला त्याने कंट्रोल रूमला आणि हॉस्पिटलला फोन केला. चार सत्तेचाळीसला आतल्या परिचारकाने बाईच्या छातीवरचे हात काढले. चार बावन्नला टोइंगवाल्याने कटरने कुलूप कापलं.

ड्रायव्हरची किल्ली बरोबरच होती. कंट्रोल रूमने ती दुसऱ्या किल्लीशी ताडून पाहिली. कुलूप मात्र त्यांचं नव्हतंच. ते कोणी लावलं, हे कोणालाच माहीत नव्हतं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी निरीक्षक बाई त्या फाटकापाशी नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या. मागे गाड्यांची रांग लागलीच होती. काल इथे एक माणूस गेलं याची त्या रांगेला खबरही नव्हती. ती नेहमीसारखी हॉर्न वाजवत होती.

बरोबर हवालदार होते. ठाण्यात त्यांना लहानथोर सगळे मामाच म्हणत.

"शहराला बायपास केला मॅडम," मामा म्हणाले, "पण ब्लॉकेज जिथल्या तिथे."

बाई हसल्या नाहीत. त्यांना या रस्त्याची पहिल्यापासून किळस होती. इथली काजळी घशात बसते आणि घरी जाऊन दोनदा आंघोळ केली तरी कानामागून निघते. आज त्या किळसेला तोंड फुटायला जागा मिळाली होती.

टोइंगवाला बोलावल्याबरोबर आला. धिप्पाड माणूस, पण डोळे सुजलेले.

"तुम्ही काल कुठे होता?"

"पुलाच्या पार पलीकडच्या टोकाला. त्या फरशीच्या ट्रकला हूक लावत होतो. इथून दीड किलोमीटर असेल. साडेचारला कंट्रोल रूमचा फोन आला, कटर घेऊन पळत ये म्हणून."

"दीड किलोमीटरला बावीस मिनिटं?"

"पळायला जागा होती कुठे, मॅडम? लोक दारं उघडी टाकून बाहेर उभे. सगळ्यांचं शूटिंग चाललेलं. एकाला म्हटलं दार लाव, मला जाऊ दे. तर मला म्हणतो, जरा बाजूला हो, मध्ये येतोयस."

मामांनी घसा खाकरला. "जाम जितका लांबेल तितकं तुझं काम वाढतं, असं लोक म्हणतात."

"वाढतं की. गाड्या बंद पडतात, मी ओढतो. पण बाई मेली तर माझं काय वाढतं, ते सांगा." त्याने मामांकडे पाहिलं, मग फाटकाकडे. "आणि कुलूप मीच लावलं असतं तर किल्लीने नसतं उघडलं? तीन वेळा कटर सटकला. कुलूप भिंतीच्या पलीकडच्या बाजूने लटकत होतं. जाळीतून हात घालून कापायचं म्हणजे काय, ते त्या ड्रायव्हरला विचारा. कोपरापर्यंत सोलून निघालाय बिचारा."

बाईंनी पिशवीतून कापलेलं कुलूप काढलं. जाडजूड, पोलादी, महागातलं. त्यांनी नाकावरचा रुमाल काढला आणि कुलपावरून एकदा फिरवला. रुमालावर काळा, तेलकट पट्टा उमटला. मग त्या फाटकाशेजारच्या सूचनेच्या पाटीकडे गेल्या. पाटीच्या मागे ती बसवल्याची तारीख रंगवलेली होती: पाच आठवड्यांपूर्वीची. रुमालाचं दुसरं टोक त्यांनी पाटीवरून फिरवलं. तोही पट्टा काळाच, पण कुलपाच्या पट्ट्याहून बराच फिका.

शेवटी त्यांनी कुलपाच्या तळाशी असलेलं किल्लीचं छिद्र पाहिलं. त्यावर सरकतं झाकण होतं. सगळं कुलूप काजळीने माखलेलं, पण हे नखाएवढं झाकण मात्र बोटांनी घासून घासून लख्ख झालेलं.

"मामा," त्या हळूच म्हणाल्या, "हे कुलूप काल लावलेलं नाही. पाटीच्याही आधीपासून ते इथे आहे. आणि कोणीतरी ते रोज उघडत होतं."

३

गस्तवाल्याच्या वहीत सगळं व्यवस्थित होतं. दिवसातून तीन वेळा, सुबक अक्षरात: 'फाटक सहा. कुलूप तपासले. ठीक.' कालची तीनची नोंदही होती.

"काल तीनला तुम्ही गाडीतून उतरून पाहिलंत?" बाईंनी विचारलं.

"पाहिलं ना."

"तीनला इथे रस्ता बंद होता. तुमची गाडी कुठे होती?"

गस्तवाल्याने कपाळाचा घाम पुसला. तो पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस होता. गस्तीच्या गाडीत सीटवर उशी, आरशाला पंखा, डॅशबोर्डवर डबा. गाडीचा त्याने संसार केला होता.

"जाता जाता दिसतंच की मॅडम. कुलूप लटकतंय म्हणजे आहे."

"किल्ली लावून शेवटचं कधी पाहिलंत?"

त्याने वही पुढे सरकवली.

"मी सांगू? तुमच्या वहीत सात आठवड्यांपूर्वी एक नोंद आहे. बंद पडलेली बस फाटकातून बाहेर काढली. त्या दिवशी तुम्ही फाटक उघडलंत. लावलंत का?"

"लावलं..." आवाज खोल गेला. "म्हणजे, साखळी अडकवली. कुलूप तसंच उघडं लटकवून ठेवलं. दुसरी गाडी काढायची होती, परत यायचंच होतं. मग दुसरीकडे बोलावलं. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तर कुलूप दुसरंच. मला वाटलं, कंट्रोल रूमने बदललं असेल."

"विचारलंत?"

"विचारलं असतं तर जुनं कुलूप कुठंय म्हणून मलाच धरलं असतं."

"म्हणजे या फाटकाची किल्ली तुमच्याकडे नाही, ॲम्ब्युलन्सकडे नाही, कोणाकडेच नाही, हे तुम्हाला सात आठवडे माहीत होतं. आणि तुम्ही रोज तीनदा 'ठीक' लिहीत होता."

"कुलूप होतं ना मॅडम!" तो कळवळून म्हणाला. "मी 'कुलूप ठीक' असंच लिहिलंय. किल्ली ठीक आहे असं कुठे लिहिलंय? खोटं काय त्यात?"

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की मामांनीच वही मिटून काखेत घेतली.

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "याला आत घेऊ?"

"घेऊ. पण हा आळशी आहे. आळशी माणूस गाडीतून उतरून रोज कुलूप कशाला उघडेल? ते उघडणारा कोणीतरी फार वक्तशीर आहे." त्या थांबल्या. "कुलूप पलीकडच्या बाजूने लटकत होतं. म्हणजे तो बायपासवरून यायचा, फाटक उघडायचा, गाडी आत घालायचा आणि आतून कुलूप लावून पुढे जायचा. आत दोनच ठिकाणं आहेत, मामा. वसाहत आणि हॉस्पिटल."

मृत्यूचा दाखला घ्यायला त्यांना हॉस्पिटलमध्ये जायचंच होतं. मोठे डॉक्टर मंद आवाजात बोलणारे, पांढऱ्याशुभ्र कोटातले गृहस्थ निघाले. त्यांनी स्वतः खुर्ची पुढे केली.

"नळी बंद झाली होती. उघडता आली असती," ते म्हणाले. "साडेचारला जरी ती माझ्या टेबलावर असती तरी वाचली असती. मी जेवायला घरी गेलो होतो. तीन बत्तीसला फोन आला तसा ताटावरून उठलो. चारला दोन मिनिटं कमी असताना मी इथे तयार उभा होतो." त्यांनी मान हलवली. "या रस्त्याने आणखी किती जीव घ्यायचे आहेत, देव जाणे."

बाईंना त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. त्यांनी आभार मानले आणि वसाहतीकडे निघाल्या.

४

वसाहतीचे सेक्रेटरी दारातच म्हणाले, "बासष्ट!"

"काय बासष्ट?"

"पत्रं. या बायपासबद्दल दोन वर्षांत मी बासष्ट पत्रं पाठवली. उत्तरं शून्य. आज पोलीस आले. कशासाठी आले? बाई मेली म्हणून आले. आम्ही रोज थोडे थोडे मरतोय, त्याची चौकशी कोण करणार?"

निवृत्त माणूस, अंगात बनियन, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांच्या बैठकीतल्या प्रत्येक वस्तूवर चादर घातलेली होती: टीव्हीवर, टेबलावर, पंख्यावरसुद्धा. एक चादर उचलून त्यांनी दाखवली. वरून राखाडी, खालून पांढरी.

"परवाच धुतलीय. हे आमच्या फुप्फुसात जातं. सुनेला म्हटलं, दुसरीकडे घर बघा. ती म्हणते, बाबा, विकत घेणार कोण?"

"फाटक सहा बंद करा, वेल्डिंग करून टाका, असंही तुम्ही लिहिलं होतंत," बाई म्हणाल्या.

सेक्रेटरी जरा चपापले. "लिहिलं होतं. कोणी ऐकलं का?"

"नाही ऐकलं, म्हणून तुम्हीच कुलूप घातलंत?"

"मी?" म्हाताऱ्याचा चेहरा लाल झाला. "मी पत्र लिहिणारा माणूस आहे, बाई! मला कुलूप घालायचं असतं तर मी आधी परवानगीचा अर्ज केला असता!"

मामांना हसू आवरेना. बाईंनाही पटलं. या माणसाने आयुष्यात अर्जाशिवाय शिंकही दिली नसेल.

"फाटक वेल्ड करा, असं का वाटलं तुम्हाला?"

"आवाज! तिथे आमची भिंत आहे, दिसत काही नाही. पण ऐकू येतं. खळ्ळ करून साखळी पडते, फाटक करकरतं, गाडी आत येते, परत साखळी खळ्ळ. माझ्या वाचनाच्या वेळेला. नेमकं!"

"कधी?"

म्हाताऱ्याने फाइल काढली. शेवटच्या सहा पत्रांत एकच तक्रार होती, आणि प्रत्येक पत्राखाली वेळांचा तक्ता जोडलेला होता. बाई बोट फिरवत वाचत गेल्या. आठ पन्नास. आठ एकावन्न. आठ पन्नास. आठ एकोणपन्नास. आठ पन्नास.

"रोज?"

"रविवार सोडून."

"आणि काल?"

"काल सकाळी आठ पन्नासला. आणि मग दुपारी पुन्हा, हे पहिल्यांदाच. मी लिहून ठेवलंय. त्रेसष्टाव्या पत्रासाठी." त्यांनी चष्मा लावला. "तीन वाजून पंचावन्न मिनिटं."

बाईंनी फाइल मिटली. ती शिंपीणबाई फाटकाशी पोचली चार वीसला. म्हणजे अवघ्या पंचवीस मिनिटांपूर्वी ते फाटक उघडलं होतं, कोणीतरी आत शिरलं होतं आणि मागे वळून कुलूप घातलं होतं.

५

हॉस्पिटलच्या हृदयविभागातल्या मुख्य सिस्टर चहा घ्यायला कॅन्टीनमध्ये आल्या होत्या. बाई त्यांच्यासमोर जाऊन बसल्या.

"सिस्टर, तुमच्याकडे कामाला किती वाजता यावं लागतं?"

"नऊला. पण येतंय कोण?" सिस्टर कडवट हसल्या. "हजेरीचं रजिस्टर बघा. साडेनऊ, दहा, सव्वादहा. कारण विचारलं की सगळे एकच शब्द म्हणतात: बायपास. मी स्वतः सहाला घर सोडते."

"सगळेच उशिरा येतात?"

"एक सोडून. आमचे मोठे डॉक्टर. नऊला पाच कमी असताना पायरीवर पाय. आम्ही त्यांना घड्याळच म्हणतो. पूर्वी तेही रडायचे हो ट्रॅफिकच्या नावाने. गेले दीड-दोन महिने काय जादू झालीय कोण जाणे. म्हणतात, लवकर उठा, सगळं जमतं."

मामांनी कप खाली ठेवला.

"राहतात कुठे ते?" बाईंनी विचारलं.

"शहराच्या त्या टोकाला. आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमही त्याच इमारतीत राहतात. काल दोघांना मीच फोन केला, एकापाठोपाठ एक. सर चारच्या आत हजर. मॅडम पोचल्या सहाला, रडकुंडीला येऊन."

बाईंनी मनातल्या मनात वेळा जुळवल्या. ताटावरून उठलो, असं ते सांगत होते तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. दोन पन्नासपासून रस्ता ठप्प होता. साडेतीननंतर निघालेला माणूस चारला इथे कसा उभा राहील? पट्टीवरून येईल, समजा. पण पट्टी पुलापाशी संपते.

"सिस्टर, ॲम्ब्युलन्स फाटकाशी अडलीय, हे तुम्हाला कधी कळलं?"

"चार चोवीसला. फोन मीच घेतला."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"तिथल्या तिथे. म्हटलं, सर, फाटकाचं कुलूप उघडत नाहीये. ते म्हणाले, ठीक आहे, तयारी ठेवा."

"आणि तुमच्यापैकी कोणी तिकडे गेलं नाही? चालत सहा मिनिटांचा रस्ता आहे."

सिस्टरचे डोळे भरून आले. "लिफ्टवाले काका निघाले होते. कुठून तरी मोठा घण आणला होता त्यांनी. कुलूप आमच्याच बाजूला आहे, दोन घावांत तोडतो, म्हणाले. सरांनी त्यांना दारात थांबवलं. पेशंट आला की लिफ्ट लागेल, जागा सोडू नका, कंट्रोल रूम बघेल ते. सरच म्हणाले म्हटल्यावर..." त्यांनी ओढणीच्या टोकाने नाक पुसलं. "आम्हाला वाटलं, त्यांना कळत असेल."

"मग सर स्वतः काय करत होते?"

"हात धूत होते."

"किती वेळ?"

सिस्टरनी आठवायचा प्रयत्न केला, आणि आठवता आठवता त्यांचा चेहरा बदलला.

"ऑपरेशनच्या आधी पाच मिनिटं धुतात, मॅडम," त्या म्हणाल्या. "काल ते पावणेपाच वाजून गेले तरी नळापाशीच उभे होते."

६

डॉक्टरांच्या खोलीत मंद सुगंध होता. बाईंनी कापलेलं कुलूप कागदावर ठेवून ते टेबलावर सरकवलं. पांढऱ्या टेबलावर ते फार घाण दिसत होतं.

"तुमच्या किल्ल्यांचा जुडगा द्या."

"कशासाठी?"

"द्या."

त्यांनी लगेच दिला नाही. खिडकीबाहेर पाहिलं, कोटाची बाही नीट केली. मग खिशातून जुडगा काढून कुलपाशेजारी ठेवला. मामांनी तिसरी किल्ली लावली. कट्‌ असा बारीक आवाज झाला आणि आतली पट्टी सरकली.

"मला समजावून सांगू द्या," डॉक्टर म्हणाले. आवाज अजून मंदच होता. "त्या फाटकाची किल्ली मला मिळावी म्हणून मी दोनदा रीतसर मागणी केली होती. नाकारली. एक दिवस जाम लागलेला, मी पट्टीवरून आलो, तर फाटकाला कुलूप नुसतं लटकवलेलं. मी आत आलो. मनात म्हटलं, हे उघडं राहिलं तर उद्यापासून शंभर गाड्या शिरतील आणि हे लोक फाटक कायमचं बंद करतील. डिकीत माझं गॅरेजचं कुलूप होतं. ते घातलं, जुनं बरोबर नेलं. दोन-चार दिवसांत कोणी काढून टाकेल असं वाटलं होतं. कोणी काढलं नाही. कोणी विचारलंसुद्धा नाही."

"ॲम्ब्युलन्सकडे जुनी किल्ली आहे, हे ठाऊक होतं?"

"ॲम्ब्युलन्स त्या फाटकातून वर्षाकाठी दोन-तीनदा येते, बाई. मी रोज येतो. या सात आठवड्यांत मी वेळेवर पोचलो म्हणून किती माणसं वाचली याचा हिशोब कोणी करणार आहे का?"

"मी करणार नाही. मला तेवीस मिनिटांचं सांगा."

त्यांनी कोटाची बाही पुन्हा नीट केली.

"चार चोवीसला सिस्टरनी तुम्हाला सांगितलं, फाटकाचं कुलूप उघडत नाही. त्या क्षणी जगात एकाच माणसाकडे त्याची किल्ली होती. ती तुमच्या खिशात होती. चालत सहा मिनिटं. धावत तीन. ती बाई चार सत्तेचाळीसपर्यंत जिवंत होती."

"मला वाटलं, टोइंगवाला पोचेल पाच मिनिटांत."

"आणि लिफ्टवाले काका घण घेऊन निघाले, त्यांना का अडवलंत?"

डॉक्टरांचा चेहरा पहिल्यांदाच आवळला. "ते फाटकापाशी गेले असते तर कुलूप बघितलं असतं. ते रोज माझी गाडी धुतात. जुडग्यातली ती किल्ली त्यांनी शंभर वेळा पाहिलीय." मग जरा घाईने, जणू याने सगळं सावरेल अशा आवेशात, ते म्हणाले, "तिथे किती गाड्या होत्या, तुम्ही पाहिलंत? सगळ्यांच्या हातात फोन! मी खिशातून किल्ली काढून कुलूप उघडताना संध्याकाळपर्यंत घरोघरी दिसलो असतो. तीस वर्षांचं काम, बाई. एका कुलपापायी?"

बाईंना अचानक त्या खोलीतला सुगंध सहन होईना. त्या उठल्या आणि खिडकी उघडली. बाहेरून बायपासची धग आणि धुराचा भपकारा आत आला. तो त्यांना बरा वाटला.

"मामा," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "यांना घेऊन चला. पुढच्या दाराने."

"मागच्या जिन्याने नेलं तर..." डॉक्टर उठता उठता म्हणाले. "पेशंट बसलेत बाहेर."

"पुढच्या दाराने," मामा म्हणाले.

७

धाकटी बहीण तिसऱ्या दिवशी ठाण्यात आली. बोटांना सुईचे घट्टे पडलेली, साधी बाई. बहिणीच्या जागी आता तिलाच दुकान उघडावं लागणार होतं. शाळा सुरू होण्याआधी चाळीस गणवेश द्यायचे राहिले होते.

निरीक्षक बाईंनी तिला सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. डॉक्टर सुटावेत म्हणून दोनशे रुग्णांनी सह्यांचं पत्र दिलंय, हेही सांगितलं. वकील म्हणतील की कुलूप लावणं म्हणजे काही खून नाही, आणि कोर्ट कदाचित ते मानेलही, हेही सांगितलं.

ती खाली मान घालून ऐकत होती.

"ताई बराच वेळ शुद्धीवर होती," ती म्हणाली. "मला म्हणत होती, अगं, दवाखाना दिसतोय तो. उतरूया का, चालत जाऊ. मी म्हटलं, पडून राहा, उघडतायत." मग तिने मान वर केली. "त्यांना माहीत होतं? आम्ही तिथे उभ्या आहोत हे?"

"हो."

"कधीपासून?"

"चार चोवीसपासून."

कोपऱ्यात मामा जबाब लिहीत होते. त्यांचं पेन थांबलं होतं.

"ते स्वतः बाहेर आले होते," ती म्हणाली. "ताईला आत नेलं, आणि थोड्या वेळाने ते आले. दुसऱ्या कोणाला पाठवलं नाही. माझ्या शेजारी बाकावर बसले. माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाले, आम्ही शक्य होतं ते सगळं केलं." ती हातांकडे बघत राहिली. "मी त्यांचे आभार मानले, मॅडम. त्यांच्यासमोर हात जोडले. म्हटलं, डॉक्टर, तुम्ही एवढ्या घाईने घरून आलात, तुमचे उपकार विसरणार नाही. हे तुमच्या जबाबात आहे का?"

"नाही."

"लिहा ते."

मामांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली. मामा लिहू लागले. शब्द सावकाश उच्चारत, तिला ऐकू जाईल असे. आभार मानले. हात जोडले. उपकार विसरणार नाही असे म्हटले. त्यांनी पूर्णविराम दिला आणि कागद सहीसाठी तिच्यापुढे धरला.

तिने पेन घेतलं नाही.

"ते काय म्हणाले ते राहिलं," ती म्हणाली. "ते म्हणाले, 'असू दे, असू दे. ते माझं कामच आहे.' तेही लिहा."